बोट ठेवून दाखव, कुठे दुखतंय?

"नमस्कार डॉक्टर. माझा मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत आहे. शाळेच्या १४ वर्षांखालच्या खो-खो संघात खेळतो. चार महिन्यांपासून उजवा गुडघा दुखतो म्हणतो, गुडघ्याच्या खाली समोर टेंगूळ आलंय. जवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, 'हाड थोडं वाढलंय, वयाचं आहे' म्हणाले आणि कॅल्शियम दिलं. खेळाचे सर म्हणतात, खेळणाऱ्याचं दुखतंच, आणि धावपटू कविता राऊतचं उदाहरण देतात. सासूबाई रोज रात्री तेल कोमट करून टेंगूळ चोळतात, तेव्हा तो ओरडतो. मिस्टर म्हणतात खेळ कायमचा बंद. त्यात शेजारच्या वहिनींनी सांगितलं, त्यांच्या नात्यातल्या मुलाला असंच गुडघ्याजवळ टेंगूळ होतं आणि तो कॅन्सर निघाला. तेव्हापासून मला झोप नाही. सात आठवड्यांनी निवड चाचणी आहे. खेळू देऊ का?
– एक आई, सिडको, नाशिक"

ताई, नमस्कार.

आज संध्याकाळी मुलगा मैदानावरून आला की त्याला पलंगाच्या कडेवर पाय खाली सोडून बसवा आणि एवढंच म्हणा, "एकाच बोटाने दाखव, कुठे दुखतंय." तुम्ही हात लावू नका, तो कुठे दाखवतो ते नुसतं बघा. गुडघा दुखतो म्हणून शाळकरी मूल माझ्याकडे आलं की एक्स-रेची फिल्म मी आधी बाजूला ठेवते आणि हेच करते. पुढच्या अर्ध्या तपासणीची दिशा त्या बोटाने ठरते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून त्याचं बोट थेट त्या टेंगळावर जाईल, वाटीच्या खाली दोन-तीन बोटांवर, नडगी सुरू होते तिथे. तसं झालं, आणि दुखणं खेळल्यावर वाढून विश्रांतीने कमी होत असेल, तर हा बहुधा ऑसगुड-श्लॅटरचा त्रास आहे. बोस्टनचे रॉबर्ट ऑसगुड आणि झुरिचचे कार्ल श्लॅटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली एकमेकांपासून वेगवेगळं त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. नाव भारदस्त असलं तरी हा त्रास वाढत्या वयातला, खेळणाऱ्या मुलांचा आहे आणि वाढ पूर्ण होताना बहुतेकांचा आपोआप थांबतो. पत्रावरून मी निदान पक्कं करणार नाही, ते हात लावूनच करायचं असतं. पण आज रात्री तुम्हाला झोप यावी म्हणून हे आधी सांगते.

आता वहिनींनी सांगितलेल्या गोष्टीबद्दल. त्यांच्यावर रागावू नका, त्या खोटं बोलत नाहीत. हाडाचा कॅन्सर फार विरळ असतो, पण होतो तेव्हा याच वयात आणि गुडघ्याच्या आसपास जास्त होतो. म्हणून मुलाचं गुडघ्याजवळचं दुखणं डॉक्टरने कधीच हसण्यावारी नेऊ नये. मात्र त्या दुखण्याची चाल वेगळी असते. मूल दिवसभर बसून राहिलं तरी ते कमी होत नाही. रात्री झोपेतून उठवतं. सूज आठवड्या-आठवड्याला वाढत जाते, आणि ती बहुधा वाटीच्या वर, मांडीच्या खालच्या टोकाशी किंवा नडगीच्या बाजूला असते. तुमच्या मुलाचं टेंगूळ चार महिने तेवढंच आहे का, सुटीच्या आठवड्यात दुखणं उतरतं का, रात्री तो दुखण्याने जागा होतो का, या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा. रात्री तुम्ही त्याच्या उशाशी जागून पाहता आणि तो गाढ झोपलेला असतो, तर ती चांगली खूण आहे. शिवाय एक्स-रे झालेला आहे. अशा वेळी एक्स-रे काढायचा तो याचसाठी, की दुसरं काही वाईट नाही ना हे दिसावं. ऑसगुड-श्लॅटर ओळखायला खरं तर त्याची गरज नसते. रिपोर्टमध्ये "तुकडे दिसतात" असं काही लिहिलेलं असेल तर घाबरू नका, त्या वयात तो उंचवटा असाच तुकड्या-तुकड्यांनी पक्का होतो. एमआरआयवर मात्र आत्ताच पैसे घालू नका.

हे होतं कसं ते सांगते, म्हणजे सरांना आणि मिस्टरांना समजावणं सोपं जाईल. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू खाली येऊन वाटीला धरतो. वाटीखालून एक जाड पट्टा निघतो आणि नडगीच्या हाडावरच्या एका उंचवट्याला चिकटतो. उठताना, उडी मारताना, जिना चढताना हा पट्टा त्या उंचवट्याला वर खेचतो. मोठ्या माणसात तो उंचवटा पक्कं हाड असतो, तेराव्या वर्षी तो अजून कोवळा, अर्धा कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक भागाचा असतो. ओल्या सिमेंटात हूक रोवला आणि दुसऱ्याच दिवसापासून त्याला दोर बांधून ओढू लागलो तर जे होईल ते इथे होतं. कडा उखडतात, शरीर ते भरून काढायला नवं हाड घालतं आणि टेंगूळ तयार होतं. त्यात याच काळात पोरं झपाट्याने वाढतात, मुलगे एका वर्षात आठ-नऊ सेंटिमीटरसुद्धा. तुमच्या घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीच्या खुणा केलेल्या असतील तर शेवटच्या दोन खुणांतलं अंतर बघा. मांडीचं हाड लांब होतं, स्नायू मागे राहतो आणि तारेसारखा ताणला जातो. मुलींमध्ये हेच साधारण दहा ते बारा-तेराव्या वर्षी होतं, मुलांमध्ये बारा ते पंधराव्या. चार-पाच मुलांमागे एकाला तरी दोन्ही गुडघ्यांना होतं, तेव्हा डावीकडेही लक्ष असू द्या.

आणि खेळ कोणता, तर खो-खो! मला हा खेळ मनापासून आवडतो, म्हणूनच त्यात गुडघ्यावर काय येतं ते नीट सांगावंसं वाटतं. आठ जण रांगेत उकिडवे बसलेले, गुडघे पूर्ण मिटलेले, आणि पाठीवर थाप पडली की त्याच क्षणी झेपावायचं. पूर्ण मिटलेल्या गुडघ्यातून एकदम उठणं म्हणजे त्या पट्ट्याला सगळ्यात मोठा हिसका. त्यानंतर खांबाला धरून वळणं, सूर मारणं, आणि सूर मारताना तेच टेंगूळ जमिनीवर आपटणं. सरावाच्या एका संध्याकाळी तो किती वेळा असा उठतो ते एकदा मैदानाच्या कडेला उभं राहून मोजा. मागे एका आईला मी हे सांगितलं होतं. तिने दीड तासात एकशेदहा आकडा लिहून आणला. त्याआधी ती मला म्हणत होती, "तसा फार काही खेळत नाही तो." तिच्या मुलाच्या उपचाराची सुरुवात त्या आकड्यापासून झाली.

उपचाराकडे वळण्याआधी एका गोष्टीवर थांबते, कारण तिच्यात चूक झाली तर मुलाचं आयुष्यभराचं नुकसान होतं. काही वर्षांपूर्वी सिन्नरकडून बारा वर्षांचा एक मुलगा आला होता, अंगाने जाड, लाजाळू. दोन महिने गुडघा दुखत होता. गुडघ्याचे दोन एक्स-रे झाले होते आणि दोन्ही अगदी नॉर्मल. घरचे म्हणत होते, शाळा बुडवायची नाटकं करतो. तो दारातून टेबलापर्यंत चालत आला तेवढ्यात मला दिसलं की त्याचं एक पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय. कुठे दुखतंय विचारलं तर बोट ठेवता येईना, तळहाताने गुडघ्यावरून मांडीकडे नुसताच चोळत राहिला. पाठीवर झोपवून गुडघा पोटाकडे वाकवला तर मांडी सरळ वर न येता बाहेरच्या बाजूला कलंडत गेली. दुखणं गुडघ्यात नव्हतंच, खुब्यात होतं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा वाढीच्या चकतीवरून घसरू लागला होता. खुबा आणि गुडघा या दोन्हींना एकाच शिरेच्या फांद्या जातात, त्यामुळे बिघाड वर असतो आणि मूल हात खाली ठेवतं. त्या क्षणापासून त्याला पाय टेकवू दिला नाही, व्हीलचेअरवर नेलं, खुब्याचा एक्स-रे काढला आणि तातडीने स्क्रू बसवला गेला. आणखी महिनाभर "वाढीचं दुखणं" म्हणून तो चालत राहिला असता तर खुबा कायमचा गेला असता.

म्हणून मी माझ्याकडच्या शिकाऊ डॉक्टरांना सांगते, मुलाचा गुडघा दुखत असेल तर खुबा तपासल्याशिवाय पेन खाली ठेवायचं नाही. तुम्हीही मुलाला पाठीवर झोपवून, जोर न लावता, त्याचा गुडघा त्याच्या त्याला पोटाकडे घ्यायला सांगा. मांडी सरळ वर येते की बाहेर पडते ते दोन्ही बाजूंना बघा. चालताना पाऊल बाहेर वळत असेल, तो लंगडत असेल, तर हे सदर वाचून संपवायलाही थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

त्याच दिवशी दाखवायच्या आणखी दोन-तीन गोष्टी आहेत. अंगात ताप आणि गुडघा गरम, सुजलेला, पाय टेकवत नाही असं असेल तर सांध्यात पू झालेला असू शकतो, तो काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो. खेळताना आत "कट्" आवाज झाला आणि दोन-चार तासांत गुडघा फुगला तर आतला लिगामेंट फाटला असण्याची शक्यता मोठी, कबड्डीत हे नेहमीचं. आणि ऑसगुड-श्लॅटर असलेल्या मुलाला उडी मारताना अचानक असह्य कळ आली, पाय सरळ उचलताच येईना, तर तो उंचवटा तुटून सुटलेला असू शकतो. हे क्वचित होतं, पण होतं.

सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास गुडघा आखडलेला आणि सहा आठवड्यांहून जास्त सूज असेल तर तो मुलांचा संधिवात असू शकतो, त्याचे डॉक्टर वेगळे. एकच गुडघा महिनोन् महिने सुजलेला, वजन उतरतंय, संध्याकाळी कणकण, तर आपल्याकडे क्षयाचा विचार करावाच लागतो. सासूबाईंसारख्या मोठ्या माणसांच्या तोंडी "वाढीचं दुखणं" हा शब्द असतो, ते दुखणंही खरं असतं, पण ते तीन ते बारा वर्षांच्या मुलांचं. रात्री दोन्ही पोटऱ्या-मांड्या दुखतात, सकाळी पोर उड्या मारत शाळेत जातं. त्यात सांधा सुजत नाही आणि एकच गुडघा चार महिने दुखत नाही.

आता तुमच्या लेकाचं काय करायचं ते.

मिस्टरांचा "खेळ बंद" आणि सरांचा "खेळत राहा" हे दोन्ही मला मान्य नाहीत. पायाला पूर्ण विश्रांती दिली की महिनाभरात दुखणं थांबतं हे खरं, पण तेवढ्यात मांडीही दुबळी होते आणि मैदानावर परत गेल्यावर आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न. खेळत राहिलं तर दुखणं वर्ष-दीड वर्ष रेंगाळतं. मधला रस्ता मोजमापाचा आहे. त्याला दुखण्याला गुण द्यायला शिकवा, शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. दोनपर्यंत दुखलं तर चालेल. तीन ते पाच असेल तर त्या दिवशीचं काम कमी करायचं. सहाच्या पुढे गेलं तर थांबायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून जिना उतरताना पुन्हा गुण द्यायचे, ते वाढलेले असतील तर आदल्या दिवशी जास्त झालं. एका छोट्या वहीत रोजच्या दोन ओळी पुरतात. ही वही त्याने स्वतः लिहावी, तुम्ही नाही. तेरा वर्षांच्या पोराला स्वतःच्या शरीराचा हिशेब स्वतःच्या हातात आला की तो खोटं लिहीत नाही, असा माझा अनुभव आहे.

पहिले चार आठवडे धावणं, उड्या, सूर, उकिडवं बसणं बंद. शाळेत वज्रासनही नको, त्यात सगळं वजन त्या टेंगळावर येतं. वर्गशिक्षकांना एक चिठ्ठी द्या. घरी खाली मांडी घालून जेवायला बसण्यात दुखत असेल तर पाट किंवा खुर्ची द्या. सीट उंच करून सपाट रस्त्यावर सायकल चालेल, पोहणं चालेल. सुटीत मामाबरोबर पांडवलेणीच्या पायऱ्या मात्र नकोत, चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्याला जास्त त्रास होतो. याच चार आठवड्यांत दोन व्यायाम रोज. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडी आवळून गुडघा टॉवेलवर दाबायचा, दहा मोजायचं आणि सोडायचं, असं दहा वेळा. दुसरा, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलायची आणि दहा मोजेपर्यंत धरायची. साधे दिसतात, पण नेमाने केले तर आठवड्याभरात मांडी जागी होते. मांडीच्या मागच्या शिरा आणि पोटऱ्या ताणायच्याही आहेत. पोटरीसाठी भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, अर्धा मिनिट. मांडीचा पुढचा स्नायू ताणायचा झाला तर पालथं झोपून, घोट्याला ओढणी अडकवून टाच हळूहळू नितंबाकडे आणायची, आणि टेंगळावर कळ आली की तिथेच थांबायचं. हे ताणणं मैदानावर घाईघाईत उरकायचं काम नाही, अंघोळीनंतर अंग गरम असताना करा.

पाचव्या आठवड्यापासून भिंतीला पाठ टेकून अर्धवट खाली बसणं, मग एक पाय पुढे टाकून वाकणं. बाराव्या आठवड्याच्या सुमाराला हळूहळू धाव, मग उड्या, आणि अगदी शेवटी उकिडव्यातून झेपावणं. डेन्मार्कमध्ये १० ते १४ वर्षांच्या ५१ मुलांवर असाच बारा आठवड्यांचा कार्यक्रम करून पाहिला, त्याचे निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांनी ८० टक्के मुलांनी त्रास बराच कमी झाल्याचं सांगितलं. पण तोपर्यंत पूर्ण खेळाकडे परतलेली मुलं होती फक्त १६ टक्के. हा दुसरा आकडा मी मुद्दाम देते आहे. दुखणं थांबणं आणि मैदानाला तयार होणं यांत काही महिन्यांचं अंतर असतं, आणि बहुतेक घरं याच अंतरात घाई करतात.

सासूबाईंना दुखवू नका. नातवाच्या पायाला रोज रात्री हात लावणं ही त्यांची माया आहे, ती थांबवायची नाही, फक्त चार बोटं वर सरकवायची. तेल मांडीला लावू दे, गुडघ्याच्या वर, हलक्या हाताने. टेंगळाला चोळणं आजपासून बंद, कारण खाली आधीच सोललेली जागा आहे. त्या जागी खेळून आल्यावर बर्फ, ओल्या फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं. फ्रीजरमधली मटाराची पिशवी सगळ्यात बरी, ती गुडघ्यावर नीट बसते. आणि कोणी हाड बसवणाऱ्याकडे न्यायचं सुचवलं तर नको म्हणा. हाड जागचं हललेलं नाही, बसवायचं काहीच नाही.

गोळ्यांचं थोडक्यात. कॅल्शियमने हे टेंगूळ बरं होणार नाही. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्या मुलांत खूप आढळते, तेव्हा रक्त तपासून कमी असेल तर जरूर घ्यावं. पण ६०,००० युनिटची ती पुडी दर आठवड्याला, तपासल्याशिवाय, महिनोन् महिने दुधात घालत राहू नका. जास्त झालेलं ड जीवनसत्त्वही त्रास देतं. दुखणं फार असेल त्या दिवशी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन वजनानुसार डॉक्टर सांगतील तेवढं. अ‍ॅस्पिरिन मुलांना नाही. आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगते, सामन्याआधी वेदनाशामक देऊन पोराला मैदानात उतरवू नका. दुखणं हा त्याचा ब्रेक आहे, तो काढून घेतल्यावर गाडी उतारावरच जाणार. त्या जागी स्टेरॉइडचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर तेही नको, पट्टा कमजोर होतो. वाटीखाली बांधायचा पट्टा मिळतो, काहींना त्याने बरं वाटतं, वापरून बघायला हरकत नाही. सूर मारताना आपटू नये म्हणून गुडघ्याला जाड पॅड मात्र पुढे कायम असावा.

तर सात आठवड्यांनी चाचणी. तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगते, या वेळी नाही. माझ्या हिशेबाने सातव्या आठवड्यात तो भिंतीला टेकून बसत असेल, खांबाला वळत नसेल. त्याला हे सांगणं तुमच्या जिवावर येईल, मला कळतं. या वयोगटातली त्याची ही शेवटची संधी असेल तर जास्तच. पण शालेय खो-खोत पुढे १७ वर्षांखालचा गट आहे, मग १९ चा आहे, आणि तेव्हा त्याची हाडं पिकलेली असतील. सर कविता राऊत यांचं नाव घेतात, तर त्यांना हेही सांगा: सावरपाड्याच्या कविताताईंनी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्यपदक मिळवलं ते २०१० साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, आणि रिओ ऑलिम्पिकला मॅरेथॉन धावल्या २०१६ मध्ये. तेराव्या वर्षीच्या एका चाचणीच्या कितीतरी पुढचं ते अंतर आहे. सरांशी भांडू नका. ते रोज पदरमोड करून पोरं घडवतात, अशी माणसं कमी राहिलीत. त्यांना फक्त एक विनंती करा, मुलाला घरी पाठवू नका. त्याच्या हातात शिट्टी आणि गुणपत्रक द्या, रांगेत कोण उशिरा उठतो ते टिपायला सांगा, खांद्या-पोटाचे व्यायाम करू द्या. दुखापतीच्या काळात पोराला संघातून तोडलं की तो दुखणं लपवायला शिकतो, आणि लपवलेला गुडघा मला पुढच्या वर्षी दिसतो तो जास्त वाईट असतो.

टेंगूळ जाईल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. दुखणं जातं, टेंगूळ बऱ्याचदा थोडं राहतं. मोठेपणी गुडघे टेकून बसल्यावर कधी टोचतं, एवढंच. वाढ पूर्ण झाल्यावरही दुखत राहणाऱ्या मोजक्या मुलांना आत राहिलेला हाडाचा कण काढावा लागतो. तो विचार आत्ता डोक्यात आणूच नका.

हे पत्र इतरही आया वाचतील म्हणून एवढं जोडते. बोट टेंगळावर न जाता वाटीच्या खालच्या टोकावर गेलं तर तो याच जातीचा, जरा लहान वयातला त्रास आहे, उपचारही तोच. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी वाटीभोवती पूर्ण तळवा फिरवून "इथे सगळीकडे" म्हणाली, जिना उतरताना आणि क्लासमध्ये दोन तास बसल्यावर दुखतं म्हणाली, तर वाटीवरचा ताण वाढलाय आणि तिला मांडीबरोबर खुब्याच्या बाजूच्या स्नायूंची ताकद हवी. तिला "वजन कमी कर" एवढं सांगून परत पाठवणं हा तिच्यावर अन्याय आहे. आणि गुडघा मध्येच अडकतो, आत काहीतरी सरकतं, सूज येते-जाते असं असेल तर हाडाच्या टोकावरचा कूर्चेसह एक तुकडा सैल झालेला असू शकतो. तिथे मात्र एमआरआय लागतो आणि तो टाळू नये.

या आठवड्यात एकदा मुलाला हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. खर्चाची अडचण असेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये जा, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. लवकर पोहोचा, दुपारी ओपीडी आवरते. जुना एक्स-रे नुसत्या मोबाइलच्या फोटोवर नको, फिल्मच न्या. तीन प्रश्नांची उत्तरं लिहिलेला कागद न्या. त्याला ट्रॅक पँट घालून नेऊ नका, हाफ पँटच असू दे, आणि डॉक्टर फक्त गुडघा बघून लिहायला लागले तर न संकोचता म्हणा, "डॉक्टर, त्याचा खुबा पण एकदा बघता का?"